चेंबूर–सात रस्ता मोनोरेल : एका मार्गविस्ताराची चिकित्सा

नागरी रेल्वेमार्गाचा विस्तार दोन अगदी भिन्न कारणांसाठी केला जातो. पहिल्या प्रकारात अस्तित्वात असलेला मार्ग प्रवाशांनी भरून वाहत असतो, त्याच्या शेवटच्या स्थानकावर उतरणारी माणसे पुढे बसने, टांग्याने वा पायी जात असतात, आणि मार्ग पुढे नेला म्हणजे या चालू प्रवासालाच रूळ मिळतात. दुसऱ्या प्रकारात अस्तित्वात असलेला मार्ग रिकामा असतो आणि तो पुढे नेल्यास भरेल अशी आशा धरलेली असते. पहिल्या प्रकारात विस्तार मागणीच्या मागून जातो. दुसऱ्यात मागणीने विस्ताराच्या मागून यावे अशी अपेक्षा असते. बाहेरून पाहता दोन्ही कामे सारखीच दिसतात. तेच खांब, तीच उद्घाटने, आणि नकाशावर लांबत जाणारी तशीच रेघ. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही दोन निराळ्या जातींची गुंतवणूक होय, आणि दुसऱ्या जातीचे समर्थन करताना पुराव्याचा भार पुष्कळ अधिक असावयास हवा.

मुंबईच्या मोनोरेलचा दुसरा टप्पा हे या दुसऱ्या जातीचे ठळक उदाहरण आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ च्या नोव्हेंबरात लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियातील स्कोमी या कंपन्यांच्या संघास हे काम सुमारे अडीच हजार कोटी रुपयांच्या कंत्राटाने दिले. एकूण मार्ग सुमारे २० किलोमीटरांचा व स्थानके १७. त्यांपैकी चेंबूर ते वडाळा आगार हा सुमारे ९ किलोमीटरांचा पहिला टप्पा २ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रवाशांसाठी खुला झाला. वडाळा आगारापासून संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा, म्हणजे मुंबईकर ज्याला आजही सात रस्ता म्हणतात तेथपर्यंतचा, सुमारे ११ किलोमीटरांचा दुसरा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. देशातील पहिली मोनोरेल म्हणून तिचा पुष्कळ गौरव झाला. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने तो मान पतियाळा संस्थानाकडे जातो. तेथे १९०७ पासून १९२७ पर्यंत एका रुळावर चालणारी ट्राम होती. परंतु ती वाहतुकीची निराळीच जात होती आणि प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध नाही.

पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा त्यावरील प्रवासीसंख्या अपेक्षेच्या मानाने फारच कमी राहिली. सुरुवातीच्या काही दिवसांतील हौशी गर्दी ओसरल्यानंतर ती दिवसाला पंधरा ते वीस हजारांच्या आसपास स्थिरावली. मुंबईत उपनगरी रेल्वेची बारा डब्यांची एकच गाडी गर्दीच्या वेळी चार-पाच हजार माणसे वाहून नेते, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो : मोनोरेलचे दिवसभराचे काम म्हणजे लोकलच्या चार-पाच फेऱ्या. याचे कारण म्हणून अधिकृत रीतीने व वृत्तपत्रांतून जे पुन्हा पुन्हा सांगितले गेले ते असे की, मार्ग अपुरा आहे. तो सात रस्त्यापर्यंत पूर्ण झाला म्हणजे प्रवासी येतील.

या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वाहतुकीचे जाळे जसजसे विस्तारते तसतशी त्यातील प्रत्येक स्थानकाची उपयुक्तता वाढते, हे सर्वमान्य आहे. सात स्थानकांच्या मार्गावर स्थानकांच्या एकवीस जोड्या पडतात. सतरा स्थानकांच्या मार्गावर एकशेछत्तीस. म्हणजे स्थानके अडीच पटींहूनही कमी वाढली असता संभाव्य प्रवासांची संख्या साडेसहा पटींनी वाढते. हा हिशेब ऐकणाऱ्यास मोठा पटतो. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. या एकशेछत्तीस जोड्यांपैकी किती जोड्यांमध्ये माणसे खरोखर ये-जा करतात, आणि जी करतात त्यांच्यासाठी मोनोरेल हा आधीच्या साधनापेक्षा सोयीचा मार्ग आहे काय, हे त्यावरून कळत नाही. शिवाय हा युक्तिवाद मोठा सुरक्षित आहे. मार्ग अपुरा असेपर्यंत तो खोटा ठरू शकत नाही. आणि मार्ग पुरा होईपर्यंत पैसा खर्च होऊन गेलेला असतो. पूर्ण मार्ग सुरू झाल्यानंतर दैनंदिन प्रवासी कितीतरी पटींनी वाढून लाखाच्या पलीकडे जातील असे धरले होते. प्रत्यक्षात ते वीस हजारांच्या आतबाहेरच राहिले. लांबी दुपटीहून अधिक झाली आणि प्रवासी जवळपास होते तेवढेच राहिले, हा निष्कर्ष स्पष्टीकरण मागणारा आहे.

त्याकरिता प्रथम पहिल्या टप्प्याच्या मार्गाकडे पाहावे लागते. चेंबूरहून वडाळ्याकडे जाणारा हार्बर रेल्वेमार्ग कुर्ल्याला वळसा घालून चुनाभट्टी, गुरू तेग बहादूर नगर असा येतो. मोनोरेलने याच्या उलट बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून, माहुलचा प्रदेश कवेत घेतला. फर्टिलायझर टाउनशिप, भारत पेट्रोलियम, म्हैसूर कॉलनी, भक्ती पार्क ही तिच्या स्थानकांची नावेच त्या प्रदेशाचे वर्णन करतात. तेलशुद्धीकरणाचे कारखाने, खतांचा कारखाना, तेलाच्या टाक्या, खाजण आणि मिठागरे यांनी हा भाग व्यापला आहे. रेल्वे स्थानकाच्या भोवती दहा मिनिटे चालण्याच्या अंतरात किती माणसे राहतात आणि किती माणसे कामाला येतात, यावर त्या स्थानकाचे भवितव्य बव्हंशी ठरते. हे वर्तुळ जर कारखान्याच्या कुंपणाने आणि खाडीच्या चिखलाने भरलेले असेल तर गाडी कितीही सुबक असो, ती भरणार नाही. आणि हा टप्पा संपत होता तो कोठे, तर वडाळ्याच्या आगारात. म्हणजे गाड्या उभ्या करण्याच्या जागी. वडाळा रोड हे रेल्वे स्थानक तेथून दूर. मार्गाच्या एकाच टोकाला, चेंबूरला, रेल्वेची जवळीक होती आणि दुसरे टोक कोणत्याच प्रवासाचे स्वाभाविक टोक नव्हते.

तरीही माहुलला वाहतुकीची गरज नव्हती असा अर्थ यावरून काढू नये. तेथे शहराच्या इतर भागांतून हलवलेल्या हजारो प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या वसाहती आहेत. त्या परिसराचे प्रदूषण इतके गंभीर की, २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेथे राहू न इच्छिणाऱ्या कुटुंबांना अन्यत्र घर देता येत नसेल तर भाडे द्यावे असा आदेश दिला. ज्यांची रोजची कामे जुन्या वस्तीजवळच राहिली अशा या लोकांना वेगवान आणि स्वस्त प्रवासाची निकड इतर कोणाहूनही अधिक होती. परंतु त्यांच्या गरजेचे स्वरूप निराळे होते. पहाटे निघून रात्री परतणाऱ्या, मिळकत तुटपुंजी असलेल्या माणसाला वस्तीच्या दारापासून निघणारी आणि दर काही मिनिटांनी येणारी बस जितकी उपयोगी, तितकी उंच खांबांवरील आणि क्वचित येणारी गाडी नव्हे. पहिल्या टप्प्यात मोनोरेल आरंभी सकाळी सात ते दुपारी तीन एवढ्याच वेळात चालवली जात होती, ही गोष्ट या संदर्भात नुसती नोंदवली तरी पुरे.

आता दुसरा टप्पा. याची तक्रार पहिल्याच्या नेमकी उलट आहे. वडाळ्याच्या पुढे मोनोरेल दाट वस्तीत शिरते. अँटॉप हिल, नायगाव, परळ, लोअर परळ हा जुन्या गिरणगावाचा आणि कामगार चाळींचा भाग. आता त्यात कचेऱ्यांचे आणि निवासाचे मनोरे उभे राहिले आहेत. लोकसंख्येची उणीव येथे कोणी सांगू शकणार नाही. तेव्हा दोष इतरत्र शोधावा लागतो, आणि तो नकाशा पुढे घेतला की लगेच सापडतो. मुंबईच्या दक्षिणोत्तर पसरलेल्या बेटावर हार्बर, मध्य व पश्चिम असे तीन उपनगरी रेल्वेमार्ग जवळजवळ समांतर धावतात. पूर्व-पश्चिम जोडणी ही या शहराची शतकाची उणीव. मोनोरेलचा दुसरा टप्पा बरोबर याच दिशेने आडवा जातो : वडाळ्याला तो हार्बर मार्ग ओलांडतो, मिंट कॉलनी व लोअर परळ यांच्या दरम्यान मध्य रेल्वे ओलांडतो, आणि सात रस्त्याला पश्चिम रेल्वेच्या महालक्ष्मी स्थानकापासून पाऊण-एक किलोमीटर अलीकडे थांबतो. तीन मार्गांना एका सुईदोऱ्याने शिवण्याची अशी संधी अन्य कोणत्याही प्रकल्पास मिळाली नव्हती. शिवण मात्र पडली नाही. मध्य रेल्वे जेथे ओलांडली जाते तेथे स्थानकच नाही; गाडी लोकलच्या डोक्यावरून निघून जाते. दादर पूर्व या स्थानकाने दादरचे नाव घेतले आहे, पण दादरच्या फलाटावर उतरलेल्या माणसाला तेथे जाण्यासाठी बरेच चालावे लागते किंवा दुसरे वाहन पाहावे लागते. लोअर परळ हेही नाव पश्चिम रेल्वेवरील स्थानकाचे. त्या स्थानकाच्या फलाटाशी मोनोरेलच्या फलाटाची थेट सांधेजोड नाही. सात रस्त्याहून महालक्ष्मीला जोडणाऱ्या पादचारी पुलाचा विचार झाला, पण तो मार्ग सुरू झाल्यानंतरच्या काळात.

पश्चिम रेल्वेच्या इतके जवळ येऊन तिच्यापर्यंत न पोहोचणे ही चूक वरवर पाहता किरकोळ वाटते. वीस किलोमीटर बांधले, एक किलोमीटर राहिले. म्हणजे पंच्याण्णव टक्के काम झाले असे कोणासही वाटेल. परंतु प्रवाशाच्या दृष्टीने हे गणित असे चालत नाही. विरारहून वा बोरिवलीहून येऊन परळला किंवा वडाळ्याला जाणाऱ्यासाठी तो शेवटचा एक किलोमीटरच निर्णायक; तो नसेल तर उरलेले अकरा त्याच्या उपयोगाचे नाहीत. हा प्रवासी दादरला उतरून पूल ओलांडतो आणि मध्य रेल्वेची गाडी पकडतो, जसा तो १९१४ साली वा १९६४ साली पकडत असे.

याच शहरात, याच वर्षी, याच प्राधिकरणाच्या देखरेखीखाली झालेले दुसरे काम तुलनेसाठी उपलब्ध आहे हे अभ्यासकाचे भाग्य होय. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मेट्रोचा पहिला मार्ग ८ जून २०१४ रोजी, म्हणजे मोनोरेलनंतर अवघ्या चार महिन्यांनी सुरू झाला. लांबी ११.४ किलोमीटर, मोनोरेलच्या दुसऱ्या टप्प्याएवढीच. करोनाच्या साथीपूर्वी त्यावरून दिवसाला चार लाखांहून अधिक माणसे जात होती. मेट्रोची गाडी मोठी आहे हे खरे. परंतु मोनोरेलच्या गाड्या लहान असल्याने भरून वाहत होत्या आणि माणसे फलाटावर राहत होती असे घडलेले नाही, त्यामुळे आकारमान हे या अंतराचे कारण होऊ शकत नाही. कारण असे की मेट्रोचा हा मार्ग अंधेरीला पश्चिम रेल्वेला आणि घाटकोपरला मध्य रेल्वेला अक्षरशः चिकटला आहे. एका फलाटावरून दुसऱ्यावर पुलाने जाता येते, आणि गाडी गर्दीच्या वेळी चार-पाच मिनिटांत मिळते. तो मार्ग स्वतःच्या स्थानकांभोवतीच्या लोकसंख्येवर जगत नाही; दोन रेल्वेमार्गांवरील लाखो प्रवाशांवर जगतो. मोनोरेलला केवळ स्वतःच्या परिसरावर जगावे लागले.

मोनोरेल हे तंत्रच सदोष, असा एक सोपा निर्णय यावर दिला जातो. तो फारसा टिकत नाही. टोकियोत १९६४ च्या ऑलिंपिकच्या तोंडावर सुरू झालेली मोनोरेल हामामात्सुचो या रेल्वे स्थानकास हानेडा विमानतळाशी जोडते, आणि ती आजतागायत उपयोगात आहे. चीनमधील चोंगचिंग या डोंगराळ शहरात मोनोरेलचे मार्ग शहराच्या मुख्य वाहतुकीचा भार उचलतात. उलटपक्षी सिडनीची मोनोरेल १९८८ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये बंद झाली. ती शहराच्या मध्यभागात एका छोट्या वर्तुळात फिरत असे आणि रोजच्या प्रवासाला तिचा फारसा उपयोग नव्हता. तंत्र तेच, फळ निराळे. परंतु तंत्राची निवड निर्दोष होती असेही म्हणता येणार नाही. काँक्रीटच्या एका तुळईवर दोन्ही बाजूंनी रबरी चाकांनी धरून चालणारी ही गाडी त्या तुळईखेरीज अन्यत्र चालू शकत नाही. रेल्वेचा सांधा बदलताना रुळाची दोन जिभा हलतात. येथे संपूर्ण तुळई सरकवावी लागते. तुळईचा आकार एका उत्पादकाच्या गाडीसाठी घडवलेला असतो, त्यामुळे सुटे भाग आणि नव्या गाड्या यांसाठी त्या उत्पादकावर विसंबून राहावे लागते. अरुंद रस्त्यांवर कमी जागेत खांब उभे राहतात आणि तीव्र वळणे घेता येतात, हा या तंत्राचा मोठा गुण सांगितला गेला. तो खराच आहे. पण त्यामुळे मार्ग आखताना खांब कोठे बसतील हा प्रश्न पुढे आला आणि माणसे कोठून कोठे जातात हा मागे पडला, असे नकाशावरून म्हणावे लागते.

उत्पादकावरील परावलंबनाची किंमत लवकरच द्यावी लागली. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ रिकाम्या गाडीचे दोन डबे जळाले. त्यानंतर सेवा बंद पडली ती १ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात प्राधिकरणाने स्कोमीचे कंत्राट रद्द करून संचलन आपल्या हाती घेतले. गाड्या जितक्या मागवल्या होत्या तितक्या आलेल्या नव्हत्या आणि आलेल्यांपैकी चालत्या मोजक्याच उरल्या होत्या. अशा स्थितीत, तीन महिन्यांच्या आत, मार्ग दुप्पट लांब करण्यात आला.

हा मुद्दा थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण विस्तारामुळे सेवा सुधारण्याऐवजी बिघडू कशी शकते हे त्यात दिसते. मार्गावर एकाच वेळी किती गाड्या फिरत आहेत आणि एका गाडीस जाऊन-येऊन किती वेळ लागतो, या दोन गोष्टींवरून दोन गाड्यांमधील कालावधी ठरतो. फेरीच्या एकूण वेळास गाड्यांच्या संख्येने भागले की तो मिळतो. थांबे धरून सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर मानला आणि दोन्ही टोकांस मिळून दहा मिनिटे गाडी उलटवण्यास दिली, तर ९ किलोमीटरांच्या मार्गावर फेरीस ४६ मिनिटे लागतात. चार गाड्या असल्यास दर साडेअकरा मिनिटांनी एक गाडी मिळेल. आता मार्ग २० किलोमीटरांचा झाला. फेरी ९० मिनिटांची झाली. आणि गाड्या चारच राहिल्या. गाडी आता साडेबावीस मिनिटांनी मिळेल. हिशेब स्थूल आहे, पण वास्तवापासून दूर नाही : २०१९ मध्ये पूर्ण मार्गावर गाडी साधारणतः वीस-बावीस मिनिटांच्या अंतराने सुटत असे. म्हणजे विस्ताराने चेंबूरच्या जुन्या प्रवाशाची सेवा अर्धी करून ती सात रस्त्याच्या नव्या प्रवाशाला दिली. दोघांनाही ती पुरेशी नव्हती.

बावीस मिनिटांच्या अंतराचा अर्थ प्रवाशाच्या बाजूने असा. वेळापत्रक न पाहता येणाऱ्यास सरासरी अकरा मिनिटे थांबावे लागते. नायगावहून अँटॉप हिलकडे जाण्यासारखा चार किलोमीटरांचा प्रवास घेतला, तर प्रत्यक्ष गाडीत आठ मिनिटे. दोन्ही बाजूंना चालणे मिळून दहा. जिने चढणे, तिकीट, तपासणी यांस तीन. आणि थांबणे अकरा. बत्तीस मिनिटांपैकी गाडीत घालवलेली आठ. यात गाडीचा वेग दुप्पट केला तरी चार मिनिटेच वाचतील. याच अंतरासाठी रस्त्यावर बेस्टची बस आहे, टॅक्सी आहे. पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा मोनोरेलचे भाडे १० ते ४० रुपये होते. त्यानंतर चारच महिन्यांनी, जुलै २०१९ मध्ये, बेस्टने पाच किलोमीटरांपर्यंतचे किमान भाडे ५ रुपयांवर आणले. (ते पुन्हा १० रुपये झाले मे २०२५ मध्ये.) ज्या वर्गाने मोनोरेल भरावयाची त्याच्यापुढे त्या काळी निवड होती ती अशी : खाली रस्त्यावर पाच रुपयांत बस, किंवा वर दहा रुपयांत, बावीस मिनिटांनी येणारी गाडी. त्याने काय निवडले ते प्रवासीसंख्येवरून दिसतेच. एक संस्था मोनोरेल चालवते, दुसरी बस, तिसरी लोकल. प्रत्येकीचे तिकीट, भाडे आणि हिशेब वेगळे. आणि यांपैकी एकीने घेतलेल्या निर्णयाचा दुसरीच्या अंदाजपत्रकावर काय परिणाम होईल हे पाहण्याची जबाबदारी व्यवहारात कोणावरच पडलेली नाही.

अंदाज चुकण्याची ही गोष्ट मुंबईपुरती नाही. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्लुब्येर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, दहापैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवासीसंख्येचा अंदाज वाजवीपेक्षा जास्त होता आणि प्रत्यक्ष प्रवासी सरासरीने अंदाजाच्या निम्म्यावर भरले. रस्त्यांच्या प्रकल्पांत असा एकतर्फी कल त्यांना दिसला नाही. चूक जर निव्वळ अज्ञानाची असती तर ती दोन्ही बाजूंना सारखीच पडावयास हवी होती. ती सदैव एकाच बाजूला पडते, तेव्हा तिचे कारण अंदाज करणाऱ्याच्या गणितात नसून अंदाज मागणाऱ्याच्या इच्छेत असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्या अभ्यासातील सरासरीशी तुलना केली असता मोनोरेल ही सामान्य चूक ठरत नाही. निम्म्यावर भरली असती तर तिला सरासरी प्रकल्प म्हणता आले असते. ती पाचव्या हिश्शापर्यंतही पोहोचली नाही.

१९ ऑगस्ट २०२५ रोजी जे घडले त्याचा उल्लेख केल्यावाचून हे विवेचन अपुरे राहील. मुसळधार पावसाने त्या दिवशी हार्बर मार्गाची वाहतूक बंद पडली आणि अडकलेली माणसे मोनोरेलकडे वळली. गाडीत गर्दी झाली. म्हैसूर कॉलनी व भक्ती पार्क यांच्यामध्ये, तुळईवर, ती थांबली. गाडीची भारक्षमता १०४ टन असताना त्या वेळी वजन १०९ टनांपर्यंत गेल्याचे व त्यामुळे वीजपुरवठ्याचा स्पर्श तुटल्याचे अधिकृत रीतीने सांगण्यात आले. वातानुकूलन बंद, दारे बंद, आणि मार्गालगत चालत बाहेर पडण्यासाठी पदपथ नाही. अग्निशामक दलाने शिड्या लावून ५८२ जणांना खाली उतरवले. गाडीची प्रवासीक्षमता ५६२ धरली जाते. क्षमतेहून जेमतेम वीस माणसे अधिक, आणि गाडी बंद. उपनगरी लोकलच्या मोजमापाने ती गर्दी नव्हेच. अकरा वर्षे प्रवाशांची वाट पाहणाऱ्या मार्गावर ज्या दिवशी प्रवासी आले त्या दिवशी त्यांना पेलता आले नाही, याकडे दुर्दैवी योगायोग म्हणून पाहणे चुकीचे आहे. संकटकाळी पर्यायी मार्ग म्हणून उपयोग हे या विस्ताराच्या बाजूने सांगता येण्यासारखे एक खरेखुरे कारण होते. आणि त्या कसोटीचा प्रसंग आला तेव्हा पदपथाचा अभाव व भाराची अरुंद मर्यादा या आरंभीच्याच निर्णयांनी त्याला अपात्र ठरवले. पुढच्या महिन्यात वडाळ्याजवळ पुन्हा एक गाडी अडकली आणि २० सप्टेंबर २०२५ पासून सुधारणेच्या कामासाठी सेवा स्थगित करण्यात आली. नव्या गाडीची चाचणी घेताना ५ नोव्हेंबर २०२५ रोजी वडाळा आगाराजवळ तिचा पुढचा डबा तुळईवरून सरकून कलंडला.

सुधारणेचे स्वरूप मुख्यतः दोन गोष्टींचे ठरवण्यात आले : देशात बनवलेल्या दहा नव्या गाड्या आणि नवी संकेतयंत्रणा. वर मांडलेल्या हिशेबाने पाहता यांचा उपयोग होईल, यात शंका नाही. दहा नव्या गाड्यांपैकी एकही राखीव न ठेवता सर्व चालवल्या तर ९० मिनिटांच्या फेरीत दर नऊ मिनिटांनी गाडी मिळेल; जुन्या गाड्यांपैकी काही दुरुस्त होऊन एकूण अठरा झाल्या तर पाच मिनिटांनी. अकरा मिनिटांचे थांबणे साडेचारांवर किंवा अडीचांवर येईल. चार किलोमीटरांच्या त्या प्रवासाची बत्तीस मिनिटे चोवीसांच्या आसपास होतील, आणि तेव्हा बसशी स्पर्धा निदान विचारात घेण्याजोगी होईल. एवढ्यापुरता हा खर्च समर्थनीय आहे. मात्र ज्या प्रवाशाला दादरला उतरून पुन्हा वाहन शोधावे लागते, ज्याला महालक्ष्मीपासून सात रस्त्यापर्यंत भर पावसात चालावे लागते, आणि ज्याची मध्य रेल्वेची गाडी मोनोरेलच्या तुळईखालून न थांबता जाते, त्याच्या हिशेबातील चालण्याचा रकाना या सुधारणेने बदलत नाही. तो बदलावयाचा तर काम गाड्यांच्या आगारात न होता करी रोडजवळच्या रुळांवर आणि महालक्ष्मीच्या पुलाशी व्हावे लागेल. मार्ग आणखी पुढे नेण्याची सूचना जेव्हा जेव्हा होते, तेव्हा या दोन जोडण्यांचा खर्च त्या विस्ताराच्या प्रत्येक किलोमीटरच्या खर्चाशी ताडून पाहणे हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम अभ्यासविषय आहे. ठाणे–भिवंडी–कल्याण या पट्ट्यासाठी एके काळी योजलेली मोनोरेल सोडून देऊन तेथे मेट्रो घेण्यात आली. मोनोरेलच्या ज्या इतर मार्गांचे आराखडे त्या काळी झाले होते त्यांतील एकही उभा राहिला नाही. त्यामुळे चेंबूर–सात रस्ता ही वीस किलोमीटरांची तुळई कोणत्याही जाळ्याचा भाग होण्याची शक्यता उरलेली नाही, आणि तिला जगावयाचे असेल तर ते शेजारच्या लोकलच्या फलाटांवरूनच जगावे लागेल.